कॉम्प्युटरच्या पोटातलं कुंकू

कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा नवरा लगेच म्हणाला, नवा लॅपटॉप घे. त्याचं खरंच होतं. आमच्या डिचोलीच्या फ्लॅटमध्ये तो डबा अर्धं टेबल अडवून बसलेला, आणि चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. पण तो माझ्या आईने कोरगावच्या काजूबिया विकून मला कॉलेजसाठी घेतला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली. माहेरून मी मागून आणलं ते एवढंच. तिच्या साड्यासुद्धा नको म्हटलं. हा मात्र मला चालता हवा होता.

आईला तो सुरूही करता येत नसे. पण दसऱ्याला कोयता, खोरं, शिवणयंत्र यांच्या ओळीत तोही बसायचा. कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं थेट वरच्या जाळीवर. मी खेकसायचे, "आई, भितर जाता ता!"

"ह्या मशिनीन तुका शिकयल्यान," ती म्हणायची. "तेका एक फूल घातला तर तुझा काय जाता?"

माझं लग्न झाल्यावर तो कोणी वापरतही नव्हतं. तरी तिने एक दसरा चुकवला नाही.

शुक्रवारी डबा मांडीवर घेऊन बसने म्हापशाला गेले. दुकानदाराने झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. "बाय, हांगा देवूळ आसा मगो!"

आत तांदळाचे दाणे, वाळक्या पाकळ्या आणि पंख्यावर कुंकवाचा थर. त्यानेच पंखा अडकला होता. आईच्या बोटांचं कुंकू आता दुसरीकडे कुठे उरलं होतं? मी "थांबा" म्हणेपर्यंत त्याने ब्लोअर लावलासुद्धा. थोडं फरशीवर पडलं, बाकीचं दारातून बाजारात गेलं.

कॉम्प्युटर चालू झाला. "घेयात, जालो बरो," तो खुशीत म्हणाला. मला हेच तर हवं होतं, आणि मी वेडी डिचोली येईपर्यंत बसमध्ये रडत होते. दुरुस्त करून आणलेल्या डब्यात आई नव्हती.

लॅपटॉप शेवटी घेतलाच. यंदा दसऱ्याला दोघांनाही ओळीत मांडलं. लॅपटॉपला नुसतं कुंकवाचं बोट लावलं. डब्याच्या जाळीवर मात्र चांगली चिमूटभर सोडली.

नवरा ओरडला, "अगो, भितर वतलें तें!"

"जांव दी," मी म्हटलं.