मागच्या चाकांवरचं वजन

लेम्पी हार्यूच्या गाडीला मागची चाकं ढकलतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या स्टोन क्रीक गावात हिवाळ्यात माणूस गाडीवरूनच ओळखला जातो. बाकीच्यांनी कधीच पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या घेतल्या. तिची मात्र तीच जुनी, तपकिरी, पलंगाएवढी लांब सेडान. लेम्पीला अख्खं गाव मावशी म्हणतं, नात्यानं ती कुणाचीच मावशी नाही.

बर्फावर अशी गाडी चालवणं म्हणजे डोक्याला ताप. इंजिनाचं वजन सगळं पुढे, जोर लावायचा मागच्या चाकांनी, आणि मागे तर नुसती रिकामी डिकी. पाय जरा जड पडला की मागची बाजू आडवी येते आणि पुढचा रस्ता तुम्हाला बाजूच्या काचेतून दिसायला लागतो. म्हणून मावशी नोव्हेंबरातच डिकीत वाळूच्या गोण्या भरते, बरोबर चाकांच्या डोक्यावर. आणि पहिला बर्फ पडला की रविवारी प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या मोकळ्या आवारात गाडी मुद्दाम घसरवते. पाद्रीबाबा कॉफी पीत खिडकीतून बघत असतात.

"उन्हाळ्यात अंग विसरतं गं बाई सगळं," ती म्हणते. "घसरण इथंच आठवून घ्यावी. रस्त्यावर आठवत बसलं तर खड्ड्यात जाऊन बसावं लागतं."

तर यंदा डिसेंबरात ती खड्ड्यात जाऊन बसलीच. वळणावर हरीण आडवं आलं. करकचून ब्रेक दाबला असता तर गाडी फिरून झाडावर गेली असती, म्हणून तिनं ती सरळ कडेच्या मऊ ढिगात घातली. साधा ओरखडाही नाही. पण आमच्या चर्चमधल्या बायकांच्या तोंडाला लगाम नाही. फोनाफोनी होत ती बातमी ॲरिझोनात मार्लीनपर्यंत पोचली, तोवर तिच्यातली गाडी पार उलटीपालटी झाली होती. मार्लीन म्हणजे मावशीची एकुलती एक लेक. मिळेल त्या विमानानं ती हजर झाली.

मी पास्टी विकतो. बटाटा, मटण, सलगम घालून भाजलेल्या करंज्याच म्हणा, फक्त एकीत पोट भरेल एवढ्या. मी त्या पोचवायला मावशीच्या स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा तिथं रणकंदन चाललं होतं.

"आई, गाडी विक. नाहीतर चल माझ्याकडे. तिथं बर्फ नाही की काही नाही."

"म्हणूनच नको. आणि उर्होला कोण नेणार? तू?"

इथंच सगळं अडत होतं. उर्हो कांगास, पलीकडच्या घरातला म्हातारा, मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा त्याला शहरातल्या इस्पितळात रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं, आणि हे काम मावशी करते. ती थांबली तर त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागेल. तो म्हणतो, तिथं वाफेनं अंग शेकायला सौना नाही, खिडक्या उघडत नाहीत, तिथं मी मुद्दाम मरेन. उर्हो थट्टेखोर आहे, पण हे तो हसून म्हणत नाही.

मार्लीन वाईट नाही हो. ती रडायच्या बेतात होती. शेवटी तीच म्हणाली, "ठीक आहे. उद्या मी येते बरोबर. वाटेत एकदा जरी माझ्या पोटात गोळा आला ना, किल्ली माझ्या हातात. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली आणि पास्टीवर भसाभसा केचप ओतलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीपुढे असताना दाराशी भोंगा वाजला. तपकिरी गाडी. पुढे मायलेकी, मागे उर्हो गुडघ्यावर घोंगडी घेऊन.

"विल्फ, बस गाडीत," मावशीनं काच खाली करून हुकूम सोडला.

"भट्टीत माल आहे माझा!"

"काढ आणि घेऊन चल. गाडीची शेपटी हलकी झालीय. घरातून निघाले तेव्हाच कळलं." मग लेकीकडे वळून, "डिकीत हात कुणी घातला गं?"

मार्लीनचा चेहरा पडला. "उर्होकाकांची चाकाची खुर्ची ठेवायला जागा केली मी. त्या घाणेरड्या गोण्या कोठारात टाकल्या. तेवढंच ओझं कमी, पेट्रोल वाचेल म्हटलं…"

इथं जन्मलेली, इथंच शाळा शिकलेली पोरगी! ॲरिझोनाच्या उन्हात इतकं वितळतं माणसाचं डोकं? कोठारात परत जावं तर उर्होची वेळ चुकणार होती, आणि माझं वजन साऱ्या गावाला ठाऊक आहे.

"दोन गोण्यांचं काम एकटा विल्फ करेल," उर्हो सरकत म्हणाला. "तीनही म्हणता येतील."

पिठाच्या एप्रनसकट, मांडीवर गरम पास्टींचा डबा घेऊन, मी वाळूच्या जागी बसलो. असा अपमान माझा आजवर झाला नव्हता.

मावशी निघाली ती दुसऱ्या गिअरमध्ये, पायाखाली अंडं असल्यासारखी. गिरणीच्या वळणावर मागची बाजू सरकलीच. तिनं ब्रेकला पाय लावला नाही. फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवली आणि स्टिअरिंग तिकडेच हलकं वळवलं. गाडी गुमान ओळीत आली. मार्लीननं दाराची कडी घट्ट धरली होती, पण किल्ली काही मागितली नाही.

मग खाणीचा उतार आला. त्याच्या माथ्यावर मावशीनं आरशात बघितलं, मागे कुणी नाही याची खात्री केली आणि ब्रेक अगदी हलका टेकवून पाहिला. चाकं आवाज न करता तशीच पुढे सरकली. तिनं गाडी कडेच्या खरबरीत बर्फावर घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मार्लीननं विचारलं. "रस्ता तर साफ आहे. जरा ओला दिसतोय, एवढंच."

"ओला नाही तो. पहाटे पाऊस पडला आणि पडल्या जागी गोठला. काच आहे ती, खालपर्यंत." मावशीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आणि मागे वाळू नाही. आज मी खाली जात नाही. मला भीती वाटतेय."

लेकीची अट तिला ठाऊक होती, आम्हालाही ठाऊक होती. उर्होला इस्पितळात पोचायचं होतं. मनात आलं, बाई, काहीतरी थाप मार ना, इंजिन गरम झालं म्हण! पण तिनं आयुष्यात थाप मारली नाही, ती आता काय मारणार?

"उर्हो, उशीर होईल तुला," ती म्हणाली.

"होऊ दे. खाली धडपडत गेलो तर दुसऱ्याच विभागात नेतील मला."

मी जवळच्या घरापर्यंत चालत गेलो, दोनदा आपटलो, इस्पितळात आणि रस्तेखात्यात फोन केला. परत आलो तर तिघं माझ्या पास्टी खात बसलेले. पैशांचं नाव कुणी काढलं नाही. बऱ्याच वेळानं वाळू टाकणारा ट्रक भोंगा देत आला. त्याच्या मागोमाग, त्याच्याच पिवळ्या वाळूवरून, मावशीनं गाडी मुंगीच्या पावलांनी खाली उतरवली. अर्ध्या उतारावर एक भलीमोठी, चारही चाकांनी जोर लावणारी गाडी खड्ड्यात तिरपी पडली होती. मालक शेजारी उभा राहून बर्फाला लाथा मारत होता. मार्लीन मान वळवून तिच्याकडे बघत राहिली, ती दिसेनाशी होईपर्यंत.

इस्पितळानं उर्होला उशिरा का होईना घेतलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मावशीनं कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली.

"घे. मी घाबरले."

मार्लीननं किल्ली उचलली. मग तिचे डोळे भरले.

"मी घाबरले तर, असं ठरलं होतं, आई. आणि मी त्या माथ्यावर मुळीच घाबरले नव्हते. मला तो नुसता ओला रस्ता वाटला. स्टिअरिंगवर मी असते तर गेले असते खाली. उर्होकाकांना घेऊन." तिनं किल्ली परत मावशीच्या हातात दिली आणि तिची बोटं मिटवली. "कुठं घाबरायचं ते तुला कळतं. तुझ्याकडेच राहू दे."

मावशीनं नाक शिंकरलं. मीही शिंकरलं, पण मला सर्दी होती.

"गोण्या मी परत भरते," मार्लीन म्हणाली. "डिकीत अगदी मागे टाकायच्या ना?"

"चाकांच्या डोक्यावर गं! किती वेळा सांगितलं होतं लहानपणी! रविवारी चल चर्चच्या आवारात, तुलाच गरगर फिरवते."

उर्हो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, पण टोपी तिरकी घातलेली होती. त्यानं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. विचारायला तो कचरतोय हे दिसत होतं.

"मग?" तो शेवटी म्हणाला. "आता घरी कोण नेतंय मला?"

"नेहमीचंच माणूस," मार्लीन म्हणाली आणि आईसाठी स्टिअरिंगकडचं दार उघडून धरलं.