वाक्य हाय, आत्याबाई

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. त्याची माफी मागते, पण एकदाच. चौथी झाल्यावर मला धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. सांगलीकडच्या आमच्या गावात शाळा होती, पण मी पुढं गेले नाही. तेव्हा कुठं चूक दिसली तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावी.

लग्न होऊन उंब्रजजवळच्या गावी आले. मालक पलटणीत. चीनची लढाई होऊन गेली होती, तरी त्यांना रजा मिळत नव्हती. घरात आम्ही तिघीच, सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणायची), माझी धाकटी नणंद आणि मी. मनिऑर्डर सासूबाईंच्या हातात पडायची. मी इतकी कमी बोलायची की शेजारणीनं एकदा सासूबाईंना विचारलं, "सून मुकी तर केली न्हाई न्हवं?"

त्या उन्हाळ्यात नणंद मॅट्रिकच्या परीक्षेत एकट्या इंग्रजीत नापास झाली. निकालाच्या दिवशी ती गोठ्यात जाऊन रडली. मला म्हणाली, "वैनी, भाषांतराची सगळी वाक्यं पाठ केली हुती. पेपरात दुसरीच आली."

सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल लावला. "ऑक्टोबरची फी भरायची न्हाई. स्थळ आलंय. दिवाळी झाली की लगीन उरकायचं."

मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "आत्याबाई, तिला परत बसू द्या."

"एवढा पुळका आलाय तर तू भर फी."

"माझ्याकडं कुठलं पैसं?"

"उसनं देते. फी आन् साताऱ्याचं जाणं-येणं, पंचवीस रुपय. पोरगी पास हू दे न्हाईतर आपटू दे, फेडायचं तू."

"फेडीन," मी म्हणाले. त्या घरात मी मोठ्यानं बोललेला तो पहिला शब्द.

लेक त्यांची आणि तिच्या फीचं कर्ज सुनेच्या डोक्यावर! मालकांना मी हे कळवलं नाही. लोकांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवून द्यायला लागले. जुनी लुगडी ते देत, शिलाईचे दोन-तीन रुपये मला मिळत.

मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वाक्यं तर मराठीतच सांगायची होती, आणि मराठी मला येत होतं. दुपारी जेवणं झाली की मी सोप्यात वाकळ पसरून टाके घालायची, नणंद वही घेऊन समोर बसायची आणि मी सांगितलेलं इंग्रजीत लिहायची. म्हैस पाणी पिते. म्हैस काल पाणी प्याली. म्हैस उद्या पाणी पिईल. चार दिवसांत म्हैस संपली, विहीर संपली, चूलही संपली.

पाचव्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून सासूबाई सकाळपासून माझ्या मागं लागल्या होत्या. दुपारी नणंद म्हणाली, "वैनी, वाक्य सांगा की."

मी म्हणाले, "घे. सासू सुनेला सकाळपासून बोलते आहे."

सासूबाई दारात सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. "कुणाला म्हणतीस गं?"

"कुणाला न्हाई. वाक्य हाय, आत्याबाई."

नणंदेनं मान खाली घातली. लिहिताना तिचे खांदे हलत होते.

त्या दिवसापासून मला वाक्यं कमी पडली नाहीत. सुनेनं दोन वर्षांत माहेर पाहिलेलं नाही. सुनेला माहेरी धाडलं असतं तर घर बुडालं नसतं.

"वैनी, ह्ये लय अवघड हाय."

"पेपरात अवघडच येतंय की."

सासूबाई किती दिवस ऐकून घेणार? एका दुपारी त्या वहीजवळ सरकून बसल्या. "माझं बी एक घाल. जिला भाकरी थापता येत न्हाई, तिनं तोंड चालवू नये."

मी टाका न सोडता म्हणाले, "हे बी लिही. सुनेला भाकरी सासूनंच शिकवली होती."

असं आमचं भांडण रोज दुपारी इंग्रजीत व्हायला लागलं. बाजाराच्या दिवशी नणंद वही घेऊन उंब्रजला शाळेतल्या सरांकडं जायची. ते तांबड्या शाईनं चुका काढून द्यायचे. एकदा त्यांनी तिला विचारलं, "पोरी, तुमच्या घरात सारखी भांडणंच चालतात काय?"

हे ऐकून सासूबाई खवळल्या. "मास्तराच्या हातात माझी अब्रू! उद्यापासनं बंद."

"बंद करते," मी म्हणाले. "पर कर्ज माझ्या डोक्यावर हाय. पोरगी आपटली तर माझं पंचवीस रुपय पाण्यात. तुमी भरून देणार?"

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी त्या सोप्यात बसल्याच नाहीत, पण वही उघडू दिली.

ऑक्टोबरात मी तिच्याबरोबर एस.टी.नं साताऱ्याला गेले आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिले. ती बाहेर आली. "एक बी वाक्य पाठातलं न्हवतं, वैनी. समदी केली."

पास झाली, काठावर. सासूबाईंनी आळीत साखर वाटली, "माझी लेक मॅट्रिक झाली" म्हणत. स्थळवाल्यांना थांबा म्हणून त्यांनीच सांगितलं, कारण आता पोरगी मास्तरीण होणार होती. साखर वाटताना माझं नाव कुणी घेतलं नाही. मलाही ते नको होतं.

साठलेल्यातले पहिले तीन रुपये मी त्यांच्यापुढं ठेवले तेव्हा त्यांनी ते परत सरकवले. "ऱ्हाऊ दे आता. लेक माझीच हाय की."

"फी भरताना न्हवती."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. मग मी ठरवलं, एकदमच द्यायचे. थंडी संपेपर्यंत वाकळी शिवल्या. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले. नणंद म्हणाली, "नोकरी लागली की मी देते." मी तिला गप्प बसवलं.

होळीच्या आधी सगळे पैसे घेऊन सोप्यात गेले. सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले.

"मोजा."

"मोजायचं काय त्यात?"

"मोजा, आत्याबाई."

त्यांनी मोजले. दोनदा मोजले. पुरे पंचवीस होते.