खिडकीकडचा कोपरा

आमच्या घरात कांदा खाली पडला की पडल्या जागी राहत नाही. स्वयंपाकघरातून निघतो, बैठकीची खोली ओलांडतो, आतल्या खोलीत शिरतो आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. घर घेताना हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही काही कांदा बरोबर घेऊन घर बघायला गेलो नव्हतो. नवरा म्हणतो, "चौथ्या मजल्यावर एवढं चालायचंच." त्याचं बरं आहे, कांदे मी वेचते.

त्या आतल्या खोलीत माझे सासरे राहतात. त्यांच्या मते राहत नाहीत, आठ दिवसांसाठी आले आहेत. त्या आठ दिवसांना आता दोन वर्षं होत आली. त्यांचा सगळा जन्म मालवाहू बोटींवर गेला, आचारी म्हणून. आले तेव्हा बॅग खाटेखाली सरकवली ती तिथेच आहे. लागेल तो शर्ट काढायचा, धुऊन वाळला की घडी घालून पुन्हा बॅगेत ठेवायचा. कपाटातला एक कप्पा मी त्यांच्यासाठी रिकामा करून ठेवला होता. तो रिकामाच राहिला. आणि त्यांचे ते जोडे! जाड काळ्या रबरी टाचांचे, ओल्या लोखंडावरही न घसरणारे. रोज सकाळी फडक्याने पुसायचे आणि दाराशी ठेवायचे, टोकं बाहेरच्या बाजूला. जणू खाली कोणी हाका मारत उभं आहे.

"पुढच्या आठवड्यात निघतो गं," ते चहा पिता पिता म्हणायचे. बंदराजवळ त्यांचे दोन जुने सोबती एक खोली घेऊन राहतात, तिथे तिसरी खाट मोकळी आहे म्हणे. त्या खाटेचा मला भारी राग यायचा.

स्पष्टच सांगते, मला ते जायला नको होते. औषधांच्या दुकानातली सकाळची पाळी संपवून मी दुपारी येते, तेव्हा आतून कडी निघते, "आलीस?" असं कोणीतरी विचारतं, त्याची मला सवय झाली होती. पण मी सून. मी "राहा" म्हटलं तर तो आग्रह झाला. ते म्हणायला हवं होतं लेकाने, आणि लेकाच्या तोंडाला कुलूप. बापलेक बोलतात ते पावसापाण्याचं आणि गॅस संपत आल्याचं. एकदाच, लग्न नवीन असताना, नवरा मला म्हणाला होता, "लहानपणी एकदा मी त्यांच्या पायाला मिठी मारून बसलो होतो, जाऊ नका म्हणून. त्यांनी हात सोडवले आणि गेले. बोट काय माझ्यासाठी थांबणार होती?" त्यानंतर त्याने कधी कोणाला राहा म्हटलं नसावं. मी माहेरी निघाले तरी नुसता पिशवी उचलून देतो.

म्हणून मी लाच द्यायचं ठरवलं. पाव आणायला गेले की सासरे तास तास परतायचे नाहीत. एकदा बघितलं तर कोपऱ्यावरच्या शोभेच्या माशांच्या दुकानापुढे उभे, काचेला नाक लावून, काखेत पाव चेपलेला. पुढच्या पगाराला मी चांगली हातभर रुंद टाकी आणि लोखंडी स्टँड घेऊन आले. मासे असले म्हणजे त्यांना रोज खायला घालावं लागतं, पाणी बदलावं लागतं. मासे टाकून माणूस जात नाही, असा माझा हिशोब.

स्टँड ठेवायला त्यांच्या खोलीत एकच जागा होती. कुठली, ते सांगायला नकोच.

ठेवल्या ठेवल्या स्टँडचा एक पाय अधांतरी. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, "ताई, टाकी भरली की अख्ख्या माणसाचं वजन होतं. एका अंगावर बसली की काचेचा जोड सुटलाच म्हणून समजा." नवऱ्याने फोनमधला पाणसळीचा बुडबुडा उघडून फोन टाकीवर ठेवला. तो एकदा इकडे पळाला, एकदा तिकडे. मग त्याने खरी पाणसळ मागून आणली, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि हात झटकून कामावर गेला. टाकीत चार बादल्या पाणी पडलं, थोडं सांडलं, आणि पुठ्ठा भिजून चपटा झाला. पाणी उपसलं. दुसऱ्या दिवशी लाकडाची पाचर ठोकली, ती फरशीवरून सरकली. पुन्हा उपसलं. फरशीचा तुकडा घातला तो कटकन फुटला. माझ्या नाकी नऊ आले. सासरे खाटेवर बसून हे सगळं बघत होते, पाहुण्याने बघावं तसं, मधे न पडता.

"बाबा, तुम्ही काही सुचवाल की नाही?" मी शेवटी चिडून म्हटलं.

"मी काय, पुढच्या आठवड्यात निघालो," ते म्हणाले. पण उठले. स्वयंपाकघरातून पसरट परात आणली, टाकी उतरवून ती स्टँडवर ठेवली आणि तीत बोटभर पाणी ओतलं. मग खोलीतच फरशीवर आडवे झाले, गाल जमिनीला टेकवून.

"तूही ये. असं आडवं झाल्याशिवाय उतार दिसत नाही."

पदर खोचून मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. दुपारचं ऊन परातीत पडून छतावर हलत होतं. खालून रस्त्याचा आवाज येत होता, पण तो दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा वाटत होता. फरशी खिडकीकडे उतरत गेली होती, आणि त्या उतारावर पडल्या पडल्या मला वाटलं की सगळं घर हलकेच कललं आहे. कपाट, खाट, दोरीवरचे टॉवेल, सगळं घेऊन ते कुठेतरी निघालं आहे, आणि मला त्याची काही भीती वाटत नाही.

"बोटीवर सगळं कलतं," सासरे छताकडे बघत म्हणाले. "टेबल कलतं, दिवा कलतो, माणूस कलतो. ताटल्यांखाली ओलं फडकं घालायचो, नाहीतर जेवण समोरच्याच्या मांडीवर. पातेल्यातलं पाणी तेवढं सरळ राहायचं. घाबरलो ना, की मी पातेल्यात बघत बसायचो."

"तुम्ही घाबरायचात?"

"दर वेळी. निघताना सर्वांत जास्त. पोराचे हात फार घट्ट होते गं."

मी वळून बघते तर त्यांना झोप लागली होती. मी उशी आणून डोक्याखाली दिली. त्यांचं डोकं जड लागलं, लहान मुलाचं लागतं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर टाकी भरलेली. नवऱ्याने मापासाठी काचेवर खडूने रेघ ओढून ठेवली होती, पाणी बरोबर तिला लागून उभं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी वाकून स्टँडखाली पाहिलं. खिडकीकडच्या पायाखाली एक काळी, जाड, सुरीने नीट कापलेली चकती होती. हातावर हात ठेवून मी तिथेच बसले. मग उठून दाराशी गेले. जोडे जागेवरच होते, पुसलेले, टोकं बाहेर. डावा उचलला. त्याला टाच नव्हती.

मी चहा टाकला.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याच्या हातात नुसता जोडा दिला. तो तसाच घेऊन आतल्या खोलीत गेला. सासरे खाटेवर बसून बिनमाशांच्या टाकीकडे बघत होते. मासे उद्या आणायचे होते.

"बाबा, टाच?"

"कोपरा खाली होता."

"मग आता जाताना घालाल काय?"

नवरा टाकीपुढे उकिडवा बसला. पाणी त्या रेघेला चिकटून होतं, केसाइतकाही फरक नव्हता, ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. मग मान न वळवता तो म्हणाला, "मला हा दाराकडचा कोपराही जरा खाली वाटतोय."

सासऱ्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग लेकाच्या पाठीकडे.

"वाटतोय खरा," ते म्हणाले, आणि उजवा जोडा आणायला उठले.

दुसरी चकती त्यांनी अगदी मन लावून कापली. पायाखाली मात्र घातली नाही, शेजारी टेकवून ठेवली, कारण पाणी सरळ होतं आणि ते बिघडवणं त्यांच्याच्याने झालं नसतं. झाडताना मी ती रोज उचलते, खालची धूळ काढते आणि पुन्हा तिथेच ठेवते.