पाटाचा पाय

माझ्या हातात हत्यार दिसलं की बायको आधी गॅस बंद करते आणि मग विचारते, काय चाललंय. त्या मे महिन्यात माझ्या हातात होता एक घडीचा चाकू. दादरच्या फुटपाथवर स्वस्तात घेतलेला. पातं झकास, पण मूठ प्लास्टिकची, वर लाकडाचं चित्र छापलेलं. पहिल्याच हापूसला मुठीची एक बाजू सुटून रसात पडली. शहाण्या माणसाने फेकून दिला असता. मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो. त्यात दाढीवाले गोरे लोक आपापल्या गॅरेजमध्ये एक शब्द न बोलता लाकडाच्या पट्ट्या कापतात, घासतात, चाकूला नवी मूठ चढवतात. म्हटलं, ह्यात काय आहे? मला बघितलेलं सगळंच जमेलसं वाटतं. हा जुना आजार आहे.

आईला हा आजार पुरता ठाऊक. बावन्न वर्षांत तिने माझ्यावर कोथिंबीर आणण्यापलीकडे काही सोपवलं नव्हतं. जे काय ते माझ्या मोठ्या भावाकडे. घरचा गणपतीसुद्धा त्याच्याकडेच, नायगावच्या आमच्या जुन्या चाळीतल्या खोलीत. पण ती चाळ पाडायला घेतली, भाऊ भाड्याच्या वीतभर जागेत गेला, आणि आई भोईवाड्याला माझ्याकडे आली. गावी आंब्यांना जाताना तिने मला समोर बसवून सांगितलं, की यंदा गणपती तुझ्याकडे. नीट झालं तर दरवर्षी इथेच. नाहीतर तो गावच्या घरी, आणि मुंबईतला गणपती बंद. मी मान डोलावली. खरं सांगतो, मला भरून आलं होतं.

तर मुठीला लाकूड हवं. वखारीत गेलो तर किती फूट विचारलं. मी बोट दाखवलं, एवढं. तो माणूस पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. घरी येऊन माळ्यावर चढलो. तिथे भावाच्या घरून आलेली पोती होती. एका पोत्यात जुना पाट सापडला. अस्सल साग, काळाभोर झालेला. त्याच्या खाली दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे पाटाचे पाय. त्यातली एक मला हवी तेवढ्या लांबीची, जाडीची, जणू माझ्यासाठीच ठेवलेली. आता पाटावर बसतं कोण? आमच्याकडे सगळ्यांचे गुडघे गेलेले. मी एक पाय उचकटला, पाट परत पोत्यात घातला.

मग आठ दिवस गॅलरीत माझा कारखाना चालला. पाय उभा चिरून दोन पट्ट्या केल्या, भोकं पाडली, पितळी तार ठोकून बसवल्या, पॉलिश पेपरने घासघास घासल्या, खोबरेल चोळलं. येणाराजाणारा थांबून सल्ला देऊन जायचा. शेजारचे निवृत्त हवालदार म्हणाले, बनवा, पण घेऊन खाली फिरू नका. चाकू असा देखणा झाला की काय सांगू! फक्त मिटेना. पट्ट्या आवळून बसल्यामुळे पातं आत जाईचना. बायको म्हणाली, मग ही साधी सुरीच झाली की, ती होती आपल्याकडे. पुन्हा सगळं सोडवून आतून घासलं, तेव्हा मिटला. मी तो दिवसभर उघडत-मिटत बसलो.

जूनमध्ये आई आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, पाट काढ, लालबागला कारखान्यात देऊन येऊया. आमच्यात मूर्ती नुसती सांगून चालत नाही. आपल्या घरचा पाट आधी मूर्तिकाराकडे द्यायचा, मूर्ती त्याच्यावर बसून घरी येते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गणपतीचा पाट आजवर भावाने दिला, भावाने आणला. आणि घरी आला की त्याच्यावर लाल कापड असायचं, कापडाखाली बघायला गेलंय कोण? आई म्हणाली, भावाच्या पोत्यात असेल बघ, सागाचा. माझी पाचावर धारण बसली.

पाट जमिनीवर ठेवला. एका बाजूला धप्पकन कलला. आईने वाकून खाली हात फिरवला. मी म्हटलं, वाळवी लागली असेल. आई म्हणाली, ही वाळवी खिळे उपटून बाजूला ठेवते काय? बायकोने टेबलावरचा चाकू उचलून आईच्या हातात दिला. आईने तो उघडला, मिटला, मुठीवर अंगठा फिरवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या बापाशीन केल्लो तो पाट," ती म्हणाली. "गणपती गावाक जातलो."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की जेवण जाईना. बाबा मिलमध्ये फिटर होते, हाताला सफाई. त्यांचं काम मी आंबा कापायच्या चाकूला लावलं. मूठ सोडवून पाहिली, पण त्या पातळ पट्ट्यांचा आता पाय होणार नव्हता. सुताराकडून सागाचा तुकडा आणला आणि उरलेला पाय समोर ठेवून नवा करायला बसलो. या वेळी एकही व्हिडिओ बघितला नाही. सुताराच्या गुण्याने काटकोन तपासून नवा पाय अगदी सरळ केला, ठोकला, आणि पाट डुगडुगायला लागला. मोजून बघतो तर बाबांचाच पाय एका टोकाला पेन्सिलीच्या जाडीएवढा उतरता. आईपाशी जाऊन म्हटलं, ह्यात बाबांचीच चूक आहे.

चार दिवसांत पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं.

"ते चुकूक नाय. आपल्या खोलयेची जमीन मोरयेकडे उतरती होती. गणपती सरळ बसाक होयो, म्हणान पाय तसे केल्यानी."

त्या जमिनीवर मी वाढलो होतो. गोटी सोडली की मोरीकडे पळायची. आता ती खोलीच नव्हती, पत्र्यांच्या मागे ढिगारा होता.

आई उठली. स्वयंपाकघरातून तांब्या आणला आणि गणपती जिथे बसवायचा ठरला होता तिथे, आमच्या चकचकीत लाद्यांवर, थोडं पाणी ओतलं. आम्ही दोघं बघत राहिलो. पाणी होतं तिथेच राहिलं.

"हयसर खंयच जायत नाय," ती म्हणाली. तिने पदराने पाणी टिपलं. "मगे सरळ कर. बापाशीचो पाय पण."

पहिला पाय मी शीळ घालत उचकटला होता. दुसऱ्यावर रंधा लावायला हात धजेना. आई खाली बसली, पाट उलटा केला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

"मार रंधो. तुझ्या घरात वाकडो बसवतलंस काय त्याका?"

मी रंधा मारला. बाबांच्या पायाची पहिली ढलपी निघाली, ती वरून काळी आणि आतून अजून पिवळी होती. आईने ती उचलून कमरेला खोचली आणि म्हणाली, आणखी थोडा.