चमेलीच्या उंबऱ्यातली घोंगडी

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणारी सकाळची एसटी पकडली तेव्हा घरातून एकच काम सांगितलेलं होतं. म्हसा गावच्या जत्रेतून एक चांगली जाड घोंगडी आणायची. "आणि फसू नका," अशी वर पुरवणी. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे व्यवहारात मी कच्चा, असा आमच्या घरचा ठराव आहे. घोंगडी मी घेतली, चांगली घेतली, आणि मला कुणीही फसवलं नाही. तरीही घरी परतलो तो हात हलवत. ते कसं झालं हे सांगतो.

जत्रेत रंगवलेल्या शिंगांचे बैल, गुळाच्या जिलेबीचा वास आणि धूळ, सगळं भरपूर होतं. घोंगडी खांद्यावर टाकून मी दोरखंडांच्या दुकानाशी आलो, तर समोर बारकू. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. त्याने जाडजूड दोराची तीन भेंडोळी घेतली होती.

"कितीक बैल घेतलंस?" मी विचारलं.

"बैल नाय रे मास्तर. चिंपांझी हायेत माझ्याकडं. दोन."

मला वाटलं, गडी थट्टा करतोय. पण सिद्धगडाच्या पायथ्याला कुणी प्राण्यांचा निवारा काढला होता आणि एक सर्कस बंद पडल्यावर तिच्यातले दोन चिंपांझी चार महिन्यांपूर्वी तिथे आले होते. बारकू त्यांना सांभाळायचा. "चल, वस्तीला ये," तो म्हणाला. मीही लगेच त्याच्याबरोबर जीपच्या मागच्या फळीवर बसलो. जत्रेतल्या बूथवरून घरी फोन करायचा मात्र विसरलो.

बारकूचं घर निवाऱ्याच्या आवारातच. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. नंतर त्याची बायको इंदूवहिनी उकडलेल्या शेंगा घेऊन बसल्या, एकेक सोलून दाणे माझ्या ताटलीत टाकू लागल्या. मी शेंगेला हात लावला, तर ताटली माझ्यापासून लांब सरकवली.

"पाहुन्याच्या म्होरं टरफलं ठेवायची नाय आमच्यात," त्या म्हणाल्या. मी निमूट दाणे खाल्ले. आयतं मिळालं की मी वाद घालत नाही.

बोलता बोलता बारकूने काळजी सांगितली. दोघांपैकी राजा हा नर मजेत होता. चमेली मात्र आल्यापासून खोलीच्या उंबऱ्याबाहेर आली नव्हती. जन्मभर फळ्यांवर आणि गोणपाटावर चाललेली ती, गवताला पाय लागला की चटकन मागे घ्यायची. खोलीत बसून हातावरचे केस उपटायची. परवा जनावरांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. तोवर चमेली बाहेर आली नाही, तर तिला एकटीला परराज्यात, एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात पाठवायचं ठरलं होतं. राजा इथेच राहणार होता.

"वीस वरसं एका पिंजऱ्यात काढली दोघांनी," बारकू म्हणाला. इंदूवहिनींनी पुढची शेंग उचलली. त्या सोलत राहिल्या.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मी घोंगडी अंगावर लपेटून बारकूची गंमत बघत बसलो. त्याचं काम म्हणजे चिंपांझींना काम देणं. बांबूच्या नळकांड्यांना भोकं पाडून त्यात तो शेंगा कोंबत होता. त्या बाहेर काढायला राजाला काडी शोधावी लागणार. गाजरं पेंढ्यात खोल दडवली. एका फुटक्या कणगीत (भात साठवायची बांबूची उंच टोपली) चिंचा टाकून वरून पाला ठासला. नवा दोर दोन खांबांमध्ये झोक्यासारखा बांधला.

"डॉक्टरीणबाई सांगतात, ताटात वाढू नका, शोधू द्या. रिकामं बसलं की जनावर खंगतं," बारकू म्हणाला.

मग राजाला अंगणात सोडलं. सगळीकडून गजांचं उंच कुंपण होतं आणि त्यापासून चार हातांवर चुन्याची रेघ. पाहुण्याने रेघेच्या अलीकडे थांबायचं. राजा डुलत आला, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावून फर्मास सलाम ठोकला. कुणी सलाम केला तर परत करावा, एवढं वळण मला आहे. मी रेघ ओलांडून दोन पावलं पुढे गेलो आणि सलाम केला.

"मास्तर, सलाम नको," मागून बारकू ओरडला. "मोठ्या कष्टानं सवय सोडवलीय त्याची."

तोवर गजांमधून एक लांबलचक हात आला, घोंगडीचं टोक धरलं आणि एका हिसक्यात माझी घोंगडी आत गेली. राजाने ती डोक्यावर घेतली, पायाखाली घेतली, फरफटत चमेलीच्या दाराशी नेली. तिथे तो कंटाळला आणि घोंगडी उंबऱ्यापासून गवतावर पसरलेली तशीच टाकून बांबूच्या मागे लागला.

मी हळहळत वळलो, तेव्हा खोलीच्या मागच्या खिडकीखाली मला शेंगांच्या टरफलांचा ढीग दिसला. बारकूनेही पाहिला.

"इंदू, तू सोलून भरवतेस तिला?"

इंदूवहिनींनी मान खाली घातली. "रोज. आपल्या दारात आलेली पाहुनी ती. तिला का सोलाया लावायचं?"

"अगं, आत बसून दाणं मिळत्यात, तर ती भायेर कशाला येईल?"

बारकूचा आवाज चढला नव्हता, पण वहिनींचा चेहरा उतरला. मग पदरातल्या शेंगा, न सोललेल्या, त्यांनी गजांमधून घोंगडीच्या पार पलीकडच्या टोकाला फेकल्या.

चमेली दारात आली. आधी तिने सवयीप्रमाणे वहिनींकडे बघून तळवा पुढे केला. अगदी माणसासारखा, सुरकुतलेला तळवा. वहिनींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यांचे डोळे भरले होते, पण हात त्यांनी बाहेर काढले नाहीत. मला ते बघवत नव्हतं.

खूप वेळाने चमेलीने घोंगडीवर एक मूठ टेकवली. मग दुसरी. लोकरीला नाक लावून वास घेतला. हळूहळू सरकत ती टोकाशी पोचली, एक शेंग उचलली, उलटसुलट पाहिली आणि दातांनी कडकन फोडली.

"सोलता येतंय की गो तुला," वहिनी म्हणाल्या, आणि हसता हसता रडल्या.

शेवटची शेंग गवतात पडली होती. ती घ्यायला चमेली घोंगडीवरून खाली उतरली. पाय मागे घेतला नाही. राजाने बांबू टाकला, शेजारी येऊन बसला आणि तिच्या पाठीवरचा पेंढा निवडू लागला.

घोंगडी परत मागायचा प्रश्नच नव्हता. बारकू जत्रेतून दुसरी आणून द्यायला निघाला होता, मीच अडवलं. तीन दिवसांनी शाळेत त्याचा फोन आला. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा चमेली अंगणाच्या पार टोकाला होती. आता कुठेही पाठवणार नाहीत.

निवाऱ्यातून मी रिकाम्या हातांनी घरी पोचलो त्या संध्याकाळी आधी न केलेल्या फोनबद्दल ऐकून घेतलं, मग सगळी हकिगत सांगितली. बायकोने ती शांतपणे ऐकली.

"मग दोन घ्यायच्या होत्यात," ती म्हणाली. "राजाला नको का थंडीत?"

असं म्हणत ती माझ्यासाठी संत्रं सोलायला बसली. लग्नाला अठरा वर्षं झाली, ती सोलते आणि मी खातो. त्या दिवशी मी तिच्या हातातून संत्रं काढून घेतलं, सोललं आणि अर्धं तिच्यापुढे ठेवलं. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं, मगच एक फोड उचलली.