बॅगेवरचा माग

आई गेल्यावर वडील माधवनगरला एकटेच राहत होते. मी त्यांना रहिमतपूरला घेऊन आले खरी, पण त्यांची भरलेली बॅग ओसरीवरच्या खुंटीवरून खाली उतरेना. लेकीच्या घरी मुक्काम करायचा म्हणजे त्यांना जड जायचं. रोज चहाबरोबर एकच पालुपद: "उद्या जातो गं. तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." कपडे बॅगेतून काढायचे, धुऊन वाळले की घडी घालून परत बॅगेत. मी कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता. तो रिकामा कप्पा बघून मला रागही यायचा आणि रडूही.

एके दिवशी ते खरंच निघाले. बॅग घ्यायला ओसरीवर गेले आणि तिथंच थांबले. जास्वंदीच्या फांदीपासून बॅगेच्या बंदापर्यंत जाळं विणलेलं. मधोमध पिवळ्या पट्ट्यांचा मोठा कोळी, आणि त्याच्या पायांशी जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली. कोळी दिसला की माझ्या अंगावर काटा येतो. मी झाडू आणायला वळले.

"हात लावू नगंस," वडील म्हणाले. "चालू मागावरचं सूत तोडत न्हाईत."

त्यांचं उभं आयुष्य कापडाच्या मागावर गेलं. कापड पुरं होऊन उतरल्याशिवाय सुताला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नेम. "ह्या बाईचं उतरलं की जातो," कोळ्याकडं बघत म्हणाले. पण हिचं उतरेल कशाला? फाटलेलं जाळं ती काढून टाकायची आणि सकाळी नवं तयार. वडील समोर खुर्ची टाकून, चहा पीत माल तपासायचे. "आज बाण्याचं आडवं सूत ढिलं पडलंय बाईचं. झोप झाली नसंल."

कपडे सगळे बॅगेत अडकलेले. मग माझ्या नवऱ्याची फौजेतली ट्रॅक पँट त्यांनी नाडी आवळून घातली. जावयाला म्हणाले, "पावणं, ह्यात अजून एक म्हातारा मावंल."

तीन आठवडे असे मजेत गेले. मग घटस्थापनेची साफसफाई आली. एकदा झाडू हातात आला की मला पुढचं मागचं दिसत नाही. छताची जळमटं काढता काढता मी ओसरीवर आले आणि एका फटक्यात बॅगही स्वच्छ करून टाकली. कोळी जास्वंदीत पळाला. वळून बघते तो दारात वडील.

"आप्पा, चुकून झालं ओ."

त्यांनी झाडूकडं बघितलं, मग बॅगेकडं. "उतरलं म्हणायचं कापड," असं म्हणून बॅग खांद्याला लावली आणि आत गेले. निघायची तयारी करतायत असं वाटलं. मी मागोमाग गेले, तर ते कपाटापुढं उभे. एकेक सदरा त्या कप्प्यात ठेवत होते. रिकामी बॅग झटकून त्यांनी परत खुंटीला अडकवली.

"आता ती कशाला?" मी विचारलं.

"बाईला जागा नगं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी धाकधुकीनंच चहा घेऊन गेले. बॅगेवर जाळं नव्हतं. कोळ्यानं नवं जाळं खिडकीच्या गजांना विणलं होतं. आता वडिलांना जायला कुणाचीच अडचण नव्हती.

वडिलांनी कप घेतला आणि म्हणाले, "खुर्ची तिकडं सरकव."