आठ नंबरचा हरसिंग

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. आणि मी काही मुका माणूस नव्हे बरं का — राळेगावात माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, लोक जळालेली मोटार घेऊन येतात आणि तासभर माझ्या गप्पा ऐकून जातात. फुटबॉलचं तर विचारूच नका. आमच्या फायनलची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की हल्ली पुढचं वाक्य गिऱ्हाईकच बोलून टाकतं. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी गाळतो. दरवेळी, न चुकता. तोच आज सांगायला बसलोय — आणि बघा, सुरुवातीलाच दुकानाचं कौतुक सांगत सुटलो.

आमच्या टीमला गावात 'सरकी टीम' म्हणायचे. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत आम्ही खेळायचो, बाजूला सरकीचे ढीग, बॉल त्यात घुसला की काढणारा अंगभर कापूस लेवून बाहेर यायचा. टीमजवळ धड एकसारख्या चड्ड्या नव्हत्या. पण त्या वर्षी आम्ही कळंबला हरवलं, मारेगावला हरवलं, आणि दसरा-दिवाळीच्या मधे यवतमाळला जिल्ह्याची फायनल खेळलो. हरलो. दोन-एक. त्याला वीस-बावीस वर्षं झाली असतील, तरी आमच्या गावात कोणी 'हरलो' म्हणत नाही. 'जिंकलोच होतो' म्हणतात. एवढं प्रेम त्या टीमवर.

मी त्या टीमचा कप्तान. पाठीवर नऊ नंबर, काम गोल मारायचं. आणि आठ नंबर हरसिंग — मधल्या फळीतला. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर त्यांचा तांडा आहे, तिथला बंजारा पोरगा. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. बॉल त्याच्याकडे यायच्या आधीच तो मान वळवून एकदा मागे बघून घ्यायचा, आणि बॉल आला की एका टोल्यात पुढे — नेमका माझ्या पायात. माझे बहुतेक गोल हे असे. मी फक्त पाय लावायचो. लोक मात्र पाय लावणाऱ्याच्या नावानं ओरडायचे, माईकवर नावही माझंच. मला तर तेव्हा वाटायचं, बरोबरच आहे की!

आता काय झालंय — मोबाइलवर लोक रात्रंदिवस परदेशातल्या मॅची बघतात. मधल्या फळीतला खेळाडू काय चीज असते हे आमच्या गावाला आत्ता कळलं. जुन्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात कोणीतरी त्या वर्षीचा फोटो टाकला, आणि पहिल्यांदाच सगळे माझ्याबद्दल नाही, हरसिंगबद्दल बोलायला लागले. पानठेलेवाले काका — फायनलला यांनी ठेला बंद ठेवून डफडं वाजवलं होतं — त्यांनी लिहिलं, की तो मागे वळून बघायचा तेव्हा आम्हाला वाटायचं पोरगा घाबरला, आता समजलं तो काय बघत होता. एकानं लिहिलं, पुऱ्या सीझनमध्ये त्याचा पास चुकलेला आठवत नाही. कोणी लिहिलं, तो नसता तर कप्तानानं काय माशा मारल्या असत्या? हसण्याची चित्रं टाकून, चिडवायला. मीही हसलो.

आणि शेवटी एकानं लिहिलं, 'बिचारा. त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.'

या वाक्याला सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला. खुद्द हरसिंगही त्या ग्रुपमध्ये आहे, त्यानं नुसते जोडलेले हात टाकले. मी दुकानात होतो, हातातला पाना खाली ठेवला. कारण ते वाक्य खोटं आहे. लक्ष गेलं होतं. एका माणसाचं गेलं होतं. आणि ते फक्त मला माहीत आहे.

सांगतो. थांबा, सांगतोच.

फायनल संपली तेव्हा आमची पोरं मैदानावर बसून रडत होती. गावाहून कापसाच्या ट्रकमध्ये भरून आलेली माणसं मला खांद्यावर घेऊन फिरली — आमचा एकुलता गोल माझा ना! मग मी मांडवामागे पाण्याच्या ड्रमपाशी पाय धुवायला गेलो. तिथे एक गृहस्थ आले. नागपूरचे, पांढरी टोपी, गळ्यात शिटी. त्यांना सगळे ओळखत होते. त्यांच्या टीममध्ये गेलेल्या पोरांची राहायची-खायची सोय व्हायची, पुढे खेळाच्या जोरावर नोकऱ्या लागायच्या. ते सरळ माझ्याकडे चालत आले. मी ओले हात चड्डीला पुसून उभा राहिलो.

ते म्हणाले, "वो आठ नंबर कौन है रे? किधर मिलेगा?"

मी थांबलो. वाटलं, आठचं विचारून झालं की नऊचं काहीतरी बोलतील. निदान 'अच्छा गोल मारा' एवढं तरी? नाही. ते माझ्या डोक्यावरून मैदानाकडे बघत होते, त्याला शोधत. सगळं गाव मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतं आणि ज्याला खेळ कळतो असा एकमेव माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. माझ्या पोटात काय दुखलं ते दुखलं. त्याला दुसरं नाव नाही — जळलो मी.

मी म्हणालो, "तो तांड्यावरचा आहे सर. दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते लोक. सहा-सहा महिने गावात नसतात. तुम्हाला सापडायचा नाही."

झालं. एवढंच बोललो. हरसिंगच्या बापानं आयुष्यात ऊस तोडला नव्हता. त्यांचं स्वतःचं शेत होतं, शेतात विहीर होती, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आमच्यापेक्षा चांगली असायची. बैलांच्या पाठीवर माल लादून फिरणं त्याच्या आज्याच्या बापाबरोबर संपलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. होळीला मी दरवर्षी त्यांच्या तांड्यावर गाणी ऐकायला जायचो, त्याच्या याडीनं — आईला ते याडी म्हणतात — चुलीपाशी बसवून मला भाकरी वाढली होती. त्या घराचा पत्ता मी झोपेतही सांगितला असता.

पण मला खोटं शोधावं लागलं नाही, हे मला अजून टोचतं. तयारच होतं ते जिभेवर. आणि समोरच्याला पटवावंही लागलं नाही. दुसऱ्या कोणाबद्दल असं बोललो असतो तर साहेबांनी चार प्रश्न विचारले असते — नाव काय, बाप काय करतो, कधी येतो. 'तांडा' म्हटल्याबरोबर त्यांनी मान हलवली, चुकचुकले, आणि गेले. नावसुद्धा विचारलं नाही. माझं एक वाक्य आणि त्यांची एक मान — त्यात एका पोराचं आयुष्य निकालात निघालं.

परतताना ट्रकमध्ये हरसिंग माझ्या शेजारी बसला होता. त्यानं मला त्या साहेबांशी बोलताना पाहिलं होतं. कानाशी येऊन हळूच विचारलं, "कप्तान, ते टोपीवाले साहेब तुले काय इचारत होते?"

मी म्हणालो, "गोल कसा मारला ते."

तो उठून उभाच राहिला. धावत्या ट्रकमध्ये, टपाची दांडी धरून, हा कमी बोलणारा पोरगा ओरडला, "आपला कप्तान नागपूरले चालला रे!" आणि हरून परत निघालेली ती माणसं नाचायला लागली. डफडं सुरू झालं. हरसिंगनं मला मिठी मारली. त्याच्या अंगाला घामाचा आणि धुळीचा वास येत होता, आणि तो खरंच, अगदी मनापासून खूश होता. मी काय केलं? मीही हसलो. हात वर करून दाखवला लोकांना.

मला कोणी बोलावलं नाही हे सांगायला नकोच. हरसिंग पुढचा एक सीझन खेळला, मग बूट कोणाला तरी देऊन टाकले. कारण विचारलं तर म्हणायचा, कोणासाठी खेळाचं? कोण पाहते? मग शेत, लग्न, लेकरं. कळंबच्या चिंतामणीला चतुर्थीच्या गर्दीत कधी भेटला की लांबूनच 'कप्तान' म्हणून हाक मारतो, अजूनही. गर्दीतली माणसं वळून बघतात — हा कसला कप्तान, पोट सुटलेला!

इथवर सांगितलं तर तुम्ही म्हणाल, तरुण होतास, जळलास, झालं-गेलं. मीही स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आलो. पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. ते याच वर्षीचं आहे.

हरसिंगला एक मुलगी आहे, निकिता. फुटबॉल खेळते. मी तिला शाळेच्या मैदानावर एकदा पाहिलं — बॉल यायच्या आधी ती मान वळवून मागे बघते. कोणी शिकवलं तिला? बापानं तर पायात बॉल घेणंच सोडलं होतं. तिच्या शाळेतल्या खेळाच्या मॅडम माझ्या दुकानात आल्या. पुण्याला मुलींची निवड होती. निवड झाली तर शिक्षण, राहणं, खेळ सगळं तिकडेच. मॅडम म्हणाल्या, मुलीचा बाप नाही म्हणतोय. तुम्ही त्याचे जुने कप्तान, तुमचा शब्द तो मानतो, जरा समजवायला चला ना.

गेलो. काहून गेलो? आपल्या हातून काहीतरी बरं व्हावं असं वाटलं असेल. आयता मान मिळत होता, म्हणूनही गेलो असेन. मोटरसायकलवर मॅडमच्या मागे-मागे तांड्यावर. हरसिंगनं अंगणात खाट टाकली, पाणी दिलं, चहा दिला. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मॅडम पोटतिडकीनं बोलल्या. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, लय खेळलो मी. आपल्याकडं पाहाले कोणी येत नाही. मले जे लागलं ते हिले लागू नये, एवढंच हाय माह्यं."

मुलगी दारातून बोलली, "बा, तुमच्या वक्ती नसंल आलं कोणी. म्हून काय माह्या वक्ती नाही येणार?"

मग तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. एखाद्याला साक्षीला बोलवावं तसं म्हणाला, "सांग ना कप्तान हिले. तू तं होता तिथं. फायनल होती आपली, जीव तोडून खेळलो मी त्या दिवशी. आलतं का कोणी आपल्याले पाहाले?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडम, हरसिंगची बायको, ती मुलगी. ती जास्त. दोन शब्द पुरे होते — 'आलतं रे.' पण त्याच्या पुढचा प्रश्न मला दिसत होता. कोण आलतं? कोणाला विचारलं? मग काय झालं? मी चहाचा कप खाली ठेवला. तोंड उघडलं तोवर मलाही माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे, असं म्हणावंसं वाटतं. पण माहीत होतं.

मी म्हणालो, "नाही. कोणी आलं नाही."

निकिता चौकटीवरून आत गेली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या — ज्याला समजवायला आणला तोच असा कसा बोलला, त्यांना कळेना. निवडीला अजून वेळ होता. हरसिंगचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, मॅडमचाही होता. मी रोज दुकान उघडत होतो, मोटारी दुरुस्त करत होतो, ग्रुपवर येणारे मेसेज वाचत होतो. कोणालाही फोन केला नाही.

पुण्याला जायची गाडी होती त्या संध्याकाळी हरसिंगचाच फोन आला. आवाज हलका होता, मोकळा. म्हणाला, "बरं झालं कप्तान, तू खरं बोलला. माह्यं ती आयकत नव्हती. तुह्यं आयकलं तिनं. बूट बाजूच्या पोरीले देऊन टाकले आज. लय उपकार झाले तुह्ये."

मी म्हणालो, "बरं."

बायकोनं ताट वाढलं होतं. हात धुतले आणि जेवायला बसलो. पोटभर जेवलो.